रक्तदान, कुटुंब आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा

(रायगड किनाऱ्यावरील पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



रायगड जिल्ह्याचा किनारा खाड्यांनी जागोजागी कापलेला आहे. उत्तरेस धरमतरची खाडी, मग रेवदंड्याची, मग राजपुरीची आणि दक्षिण सीमेवर बाणकोटची. आगरदांडा आणि दिघी ही गावे नकाशावर समोरासमोर दिसतात. परंतु फेरीबोट चुकली की रस्त्याने जाणाऱ्यास केवढा वळसा पडतो, हे मुरूड-श्रीवर्धनच्या लोकांना सांगावयास नको. अशा प्रदेशात एखाद्या बाळंतिणीस अतिरक्तस्राव झाला किंवा महामार्गावर अपघात घडला, म्हणजे रक्ताची पिशवी वेळेवर मिळणे हा जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसतो. रक्तपेढी काही प्रत्येक गावी असू शकत नाही. म्हणून निरोप फिरतो. वाडीतील, आळीतील, कोळीवाड्यातील धडधाकट माणसे गाडी करून निघतात आणि रुग्णालयाच्या दारी रांगेत उभी राहतात.

ही आत्मीयता किनाऱ्याचे वैभव आहे, यात संशय नाही. तथापि त्या गाडीत बसलेल्या पाचसहा जणांपैकी एखाद्यास मनोमन ठाऊक असते की, आपण या वेळी रक्त देणे योग्य नव्हे. शेजारी सासरे बसलेले असतात, पुढच्या आसनावर थोरला भाऊ असतो. ‘मी देत नाही’ असे म्हटले तर ‘का?’ हा प्रश्न आलाच, आणि त्या ‘का’चे उत्तर चारचौघांत देण्यासारखे नसते. तो मुकाट्याने बाही वर करतो. आजचा विषय शास्त्रीय भाषेत मांडावयाचा तर ‘रक्तदाते व त्यांची कुटुंबे यांच्यात रेट्रोव्हायरसच्या संक्रमणास कारणीभूत होणारे धोके’ असा आहे. पण या धोक्यांत पहिला धोका कोणता, असे विचाराल तर तो या न उच्चारलेल्या उत्तरात आहे.

विषाणूचे वेगळेपण

रेट्रोव्हायरस हे विषाणूंचे एक कूळ आहे. सजीवांच्या पेशीत आनुवंशिक मजकूर डीएनएच्या रूपाने जतन केलेला असतो आणि त्याची नक्कल आरएनएच्या रूपाने उतरवली जाते. या कुळातील विषाणू हा क्रम उलटा करतात. त्यांचा स्वतःचा मजकूर आरएनएचा. पेशीत शिरल्यावर ते त्याचे डीएनए बनवितात आणि ते पेशीच्या मूळ मजकुरातच बेमालूमपणे जोडून टाकतात. हे उलट लेखन करणारे विकर १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. १९७५ च्या नोबेल पारितोषिकात दोघेही वाटेकरी होते. तलाठ्याच्या दप्तरात कोणी एक बनावट नोंद मूळ नोंदीच्याच हस्ताक्षरात घुसडावी आणि पुढे प्रत्येक उताऱ्यावर ती आपोआप उमटत राहावी, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच एकदा शिरलेला हा विषाणू शरीर सहसा बाहेर टाकू शकत नाही, आणि बाधित मनुष्य वर्षानुवर्षे निरोगी दिसत असतानाही त्याच्या रक्तातून तो दुसऱ्यास जाऊ शकतो.

माणसाच्या संदर्भात या कुळातील दोन घराणी महत्त्वाची. एक एचआयव्ही, त्याचा शोध १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत लागला आणि एड्सचे कारण तोच, हे पुढे सिद्ध झाले. दुसरे एचटीएलव्ही, ते १९८० मध्ये, म्हणजे एचआयव्हीच्याही आधी सापडले. आपल्याकडे त्याचे नाव फारसे कोणी ऐकलेले नसते, परंतु कुटुंबात विषाणू कसा झिरपतो हे समजून घेण्यास त्याचा इतिहास फार उपयोगी आहे.

जपानच्या नैर्ऋत्येकडील क्यूशू बेटावर व त्याच्या आसपासच्या किनाऱ्यांवर रक्ताच्या कर्करोगाचा एक विशिष्ट प्रकार वरचेवर आढळतो, असे कियोशी ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. रुग्ण ठरावीक घराण्यांतले, ठरावीक गावांतले. पुढे विषाणू सापडला तेव्हा उलगडा झाला. तो आईकडून मुलास मुख्यतः दीर्घकाळच्या स्तनपानातून जात होता, पतिपत्नींमध्ये शरीरसंबंधातून जात होता आणि रुग्णास दिलेल्या रक्तातून, विशेषतः त्यातील पांढऱ्या पेशींतून जात होता. वाहकांपैकी बहुसंख्य लोकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. शंभरांतील चारपाच जणांनाच पुढे गंभीर आजार जडतो. त्यामुळे तीन पिढ्या तो घरात असून घरच्यांना पत्ता नसे. जपानने १९८६ मध्ये सर्व दान केलेल्या रक्ताची त्यासाठी तपासणी सुरू केली. भारतात या विषाणूची तपासणी रक्तपेढ्यांना सक्तीची नाही आणि त्यासाठी येथील मातांनी स्तनपान थांबवावे असा याचा अर्थ मुळीच नव्हे. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की, दाता कधी एकटा नसतो. त्याच्या पिशवीमागे एक पूर्ण घर उभे असते.

कायदा आणि रक्ताची पिशवी

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये उघडकीस आला. १९८९ मध्ये दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. मात्र त्या काळी पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दाते मोठ्या शहरांत सर्रास होते. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला आणि त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदान बंद झाले. राष्ट्रीय व राज्य पातळीवर रक्त संक्रमण परिषदा स्थापन झाल्या. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने ऐच्छिक, विनामोबदला रक्तदान हे उद्दिष्ट ठरविले. आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, उपदंश आणि हिवताप यांसाठी तपासणी करणे बंधनकारक आहे.

एवढी तपासणी होत असता चिंता कसली, असा प्रश्न येथे कोणीही विचारील आणि तो रास्तच आहे. उत्तर असे की, संसर्ग झाल्यापासून चाचणीत तो दिसू लागेपर्यंत काही दिवस जातात. या काळास वैद्यकीय भाषेत ‘विंडो पिरियड’ म्हणतात. त्यास ‘आंधळा काळ’ म्हटले तरी चालेल. शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीला सर्वसाधारणपणे तीनएक आठवडे लागतात. विषाणूचा अंशही शोधणारी नवी चाचणी हा काळ दोन आठवड्यांच्या आसपास आणते. न्यूक्लिक ॲसिड चाचणीने तो दहाएक दिवसांवर येतो. मात्र ती खर्चाची आहे, सर्वत्र नाही आणि सक्तीची नाही. शून्यावर कोणतीच चाचणी येत नाही. आणि बाधित रक्त शरीरात गेले तर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता शेकडा नव्वदांहून अधिक असते. अन्य कोणत्याही मार्गाने ती इतकी नाही. शिवाय आता एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे घटक वेगळे करतात. एका दात्याचे रक्त तिघा रुग्णांपर्यंत पोहोचते, तशी त्याची चूकही तिघांपर्यंत पोहोचू शकते.

त्या आंधळ्या काळात यंत्र काही सांगू शकत नाही. सांगू शकतो तो फक्त दाता. रक्त देण्यापूर्वी जी प्रश्नावली भरून घेतात, ती म्हणजे केवळ एक सरकारी कागद, असे समजून आपल्या शिबिरांत अनेकदा एकच स्वयंसेवक दहा जणांच्या प्रश्नावलीवर ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करून मोकळा होतो. काम झटपट उरकते खरे. पण यंत्राला न दिसणारी गोष्ट पकडण्याचे साधन त्या क्षणी निकामी झालेले असते.

धोका व्यवसायात नाही

धोके कोणते, याविषयी बरेच गैरसमज आहेत. आपल्या किनाऱ्यावरून पुरुष पूर्वापार बाहेर जातात. कोणी बोटीवर खलाशी, कोणी आखाती देशांत नोकरीस, कोणी मुंबईच्या गोदीत; १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून उरणच्या रस्त्यांवर मालमोटारींची रीघ असते. लगेच कोणी असा निष्कर्ष काढतो की खलाशी किंवा ड्रायव्हर म्हणजे धोका. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि अन्यायाचाही आहे. विषाणू कोणाचा व्यवसाय, जात किंवा धर्म विचारीत नाही. धोका असतो तो कृतीत: एकाहून अधिक व्यक्तींशी असुरक्षित शरीरसंबंध, ज्याच्या संबंधांविषयी आपणास माहिती नाही अशा जोडीदाराशी असा संबंध, नशेसाठी एकच सुई अनेकांनी वापरणे, निर्जंतुक न केलेल्या सुईने घेतलेले इंजेक्शन, जत्रेत एकाच सुईने व एकाच शाईने चाललेले गोंदण. अलीकडे रक्त घेतलेले असणे हेही कारण प्रश्नावलीत असते. यांपैकी काही गोष्टींसाठी दात्यास वर्षभर थांबावयास सांगतात, काहींसाठी कायमचे. गावी राहून गावाबाहेर पाऊल न टाकलेल्या माणसालाही यांतले काही घडू शकते आणि सहा महिने समुद्रावर असलेल्या खलाशाला यांतले काहीही घडलेले नसू शकते.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. रक्त दिल्याने दात्यास कोणताही संसर्ग होत नाही. पिशवी आणि सुई नवी असते, ती एकदाच वापरतात व नष्ट करतात. ‘रक्त दिले आणि रोग लागला’ ही समजूत अजूनही काही गावांत ऐकू येते. शिक्षकांनी ती वर्गात मोडून काढावी.

कुटुंबाकडे वळले की चित्र अधिक गंभीर होते. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेशी संबंधित डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून तो १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रिया होत्या, त्यांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या. या स्त्रिया दवाखान्यात तक्रार घेऊन आलेल्या होत्या, त्यामुळे हा आकडा सर्वसामान्य महिलांना लावता येणार नाही, हे ध्यानात ठेवावे. पण त्यांतील बहुतेकींचा संबंध आपल्या पतीखेरीज दुसऱ्या कोणाशी आलेला नव्हता. त्यांची स्वतःची कृती धोक्याची नव्हती. धोका घरात चालत आला होता. अशी स्त्री भावजयीच्या बाळंतपणासाठी रक्त देण्यास आली आणि प्रश्नावलीवर तिने सर्वत्र ‘नाही’ लिहिले, तर ती खोटे बोलत नाही. तिला ठाऊकच नसते. म्हणून दात्याचे खरे उत्तर जसे रुग्णाचे रक्षण करते, तसे पतीचे खरे उत्तर आधी त्याच्या घराचे रक्षण करते.

एका घरात राहिल्याने, एका ताटात जेवल्याने, एका नळावर पाणी भरल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही. आईकडून मुलास मात्र गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून तो जाऊ शकतो; काहीही उपचार न केल्यास हे प्रमाण शेकडा १५ ते ४५ असते आणि वेळीच औषधे सुरू केल्यास पाचाच्या खाली येते. १ एप्रिल २००४ पासून शासनाने एआरटी औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. नियमित औषधाने ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत दिसेनासा होतो, त्याच्याकडून जोडीदारास शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. तरीही त्याने रक्तदान कधीच करावयाचे नसते; औषधाने विषाणू दबतो, पेशींच्या दप्तरातील ती नोंद पुसली जात नाही.

गोव्यातील एक रक्तदाता

एवढे सगळे कळल्यावरही माणसे खरे का सांगत नाहीत? याचे उत्तर शोधण्यासाठी याच किनाऱ्याने थोडे दक्षिणेस, गोव्यात जावे लागेल.

म्हापशाजवळील पर्रा गावचे डॉमिनिक डिसोझा हे वन्यजीव संरक्षणाच्या कार्यातील एका संस्थेत नोकरीस होते आणि नियमित, ऐच्छिक रक्तदाते होते. आपण ज्याला आदर्श दाता म्हणतो, तसे. त्यांनी दिलेल्या रक्ताच्या चाचणीत एचआयव्ही आढळला. पुढे काय झाले? १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यांना पोलिसांनी ताब्यात घेतले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीखाली एका ओस पडलेल्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटे डांबून ठेवले. आपणास काय झाले आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. त्यांच्या मातोश्री ल्यूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ६४ दिवसांनंतर डॉमिनिक घरी परतले. अलगीकरणाची तरतूद मात्र न्यायालयाने रद्दबातल ठरविली नाही. डॉमिनिक यांनी उरलेले आयुष्य बाधितांच्या हक्कांसाठी वेचले आणि मे १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

रक्तदान करून एका माणसाने समाजाचे ऋण फेडले आणि समाजाने त्याला कोठडी दिली, असा या घटनेचा सरळ अर्थ गावोगावी पोहोचला. त्यानंतर कोणता दाता मोकळेपणाने खरे सांगणार होता? सार्वजनिक आरोग्याच्या नावाखाली केलेल्या त्या कारवाईने सार्वजनिक आरोग्याचेच नुकसान केले, असे आज मागे वळून पाहता म्हणावे लागते.

दुसरा प्रसंग न्यायालयाच्या अहवालांत ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ या नावाने नोंदला आहे. रुग्णासाठी रक्त देण्यास गेलेल्या एका डॉक्टरांना आपण बाधित असल्याचे कळले. ती माहिती बाहेर फुटली, ठरलेले लग्न मोडले आणि त्यांना गाव सोडावे लागले. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयास दोषी धरले नाही. नियोजित वधूचा निरोगी जीवनाचा हक्क अधिक मोलाचा मानला. येथे प्रश्न खरोखरच अवघड आहे. दात्याची गुप्तता आणि जोडीदाराचे आरोग्य, दोन्ही हक्क खरे आहेत.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ या कायद्याने यातून एक वाट आखून दिली आहे. संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करता येत नाही. बाधिताने जोडीदारास स्वतः सांगावे यासाठी आधी समुपदेशन करावयाचे. तो सांगणार नाही आणि जोडीदारास धोका आहे, अशी खात्री पटली तरच डॉक्टर किंवा समुपदेशक, बाधितास पूर्वकल्पना देऊन, जोडीदारास सांगू शकतात. सांगितल्याने बाधित स्त्रीवर मारहाण होण्याची किंवा तिला घराबाहेर काढले जाण्याची भीती असेल, तर तेथेही हात राखावयाचा आहे. हा अधिकार डॉक्टरांचा व समुपदेशकांचा आहे. सरपंचांचा नाही, मुख्याध्यापकांचा नाही आणि शिबिर भरविणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांचा तर नाहीच नाही.

शिबिराची मांडणी

आता गावच्या शिबिराकडे येऊ. किती बाटल्या जमल्या यावर शिबिराचे यश मोजण्याची सवय आपल्याकडे खोल रुजली आहे. शेजारच्या गावाने ऐंशी केल्या तर आपण शंभर, अशी चढाओढ लागते. ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारली जातात. अमुक आळीतून अजून कोणीच कसे आले नाही, अशी टोचणी दिली जाते. हेतू चांगला असतो. परिणाम असा की ज्याने थांबावयास हवे तोच लाजेने पुढे येतो. नाव पुकारणे बंद केले, भेटवस्तूंचे आमिष टाळले आणि आकडा जाहीर करण्याची घाई सोडली, तर पाचदहा पिशव्या कमी जमतील. त्या कमी झालेल्या पिशव्यांचा खेद करू नये.

प्रश्नावली भरण्याची जागा स्वतंत्र हवी. शाळेत शिबिर असेल तर एक वर्गखोली त्यासाठी राखून ठेवता येते. खोली नसेल तर दोन कपाटे आणि एक चादर एवढ्यावर काम भागते. तेथे गावचा कार्यकर्ता न बसता रक्तपेढीचा माणूस बसावा. वजन ४५ किलोपेक्षा कमी, हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी, रक्तदाब वाढलेला, नुकताच ताप येऊन गेलेला, अशी परत पाठविण्याची साधी कारणे पुष्कळ असतात आणि प्रत्येक शिबिरात अनेकजण त्यामुळे परत जातात. परत आलेल्यास ‘का परत पाठविले?’ असे कोणीही विचारू नये, एवढा एक दंडक गावाने पाळला तर मनात कारण ठेवून आलेल्या माणसालाही हिमोग्लोबिन कमी भरलेल्या माणसांच्या गर्दीतून निमूटपणे घरी जाता येते. आणि ज्याला त्या वेळी तेही धाडस झाले नाही, त्याने नंतर रक्तपेढीस दूरध्वनी करून ‘माझी पिशवी वापरू नका’ एवढे सांगितले तरी पुरते. हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक दात्याच्या हाती कागदावर छापून द्यावा.

केवळ आपली तपासणी फुकट होईल म्हणून रक्तदानास येणारेही काही असतात. त्यांना आधीच सांगितले पाहिजे की जिल्हा रुग्णालयात व अन्य शासकीय रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत. तेथे ही चाचणी मोफत होते आणि नाव गुप्त राहते. रक्तपेढीतील पहिली चाचणी म्हणजे निदान नव्हे. ती मुद्दाम अतिसंवेदनशील ठेवलेली असते, त्यामुळे कधी निरोगी माणसाचे रक्तही तिच्यात अडकते. खात्रीचे निदान त्या केंद्रातील पुढील चाचण्यांनंतरच होते. तोवर घरात व गावात एक शब्दही जाता कामा नये.

किनाऱ्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ. होड्या शाकारलेल्या असतात, पुरुषमंडळी घरी असतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयांची शिबिरे थांबल्यामुळे रक्तपेढ्यांचा साठा त्या सुमारास खालावलेला असतो. करंजा, रेवस, थळ, कोर्लई, एकदरा, जीवना बंदर, भरडखोल येथील मच्छीमार संस्थांनी या दोन महिन्यांत छोटी छोटी शिबिरे पाळीपाळीने भरविली, तर साठा सावरेल. दाता तोच असेल आणि तो वर्षातून दोनतीनदा येत राहील, तर प्रत्येक वेळी त्याची पुन्हा तपासणी होते व त्याचे रक्त अधिकाधिक विश्वासाचे ठरते. असे साठे आधीच भरलेले असले म्हणजे मध्यरात्री निरोप पाठवून गाडीभर नातलग गोळा करण्याची वेळच कमी येते.

शिबिरानंतर एखाद्या दात्यास पुन्हा बोलवावयाचे झाल्यास रक्तपेढी त्यास स्वतः, एकट्यास कळविते. पंचायतीकडे किंवा संयोजकांकडे निरोप ठेवून त्याला गाठण्याची सोय कोणी सुचविली, तर ती नाकारावी. त्यासाठी नोंदणीच्या वेळी दात्याचा स्वतःचा क्रमांक घ्यावा, घरचा किंवा शेजाऱ्याचा नव्हे. आणि नोंदणीची वही शिबिर संपताच रक्तपेढीच्या लोकांबरोबर जावी, पंचायतीच्या कपाटात राहू नये.